तीन नंबरचा चारा

तलासरीचे आमचे कृषी सहाय्यक इतकं हळू बोलतात, की रागावलेल्या माणसालाच लाज वाटावी. बर्फाळ डोंगरांसाठी काढलेल्या चार द्विदल चाऱ्यांची तुलना इथे करा, असा त्यांना वरून हुकूम आला. भातकापणीनंतर माझ्या शेजारच्या जिवलीबाई वाल पेरतात, तेच शेत त्यांनी घेतलं. चारही वाण उन्हाने करपले. हे मात्र रोज पट्टी लावून मोजत राहिले.

"अहवालात काय लिहिलंत?" मी विचारलं.

"तीन नंबर सरस. सगळ्यांत शेवटी मेला ना, ताई."

"आणि बाईंनी बैलांना काय घालायचं? वालाचा पाला तर गेला!"

"त्याला रकाना नव्हता."

बाईंच्या नुकसानीबद्दल मी लिहिलेल्या तक्रारअर्जातली चुकलेली तारीख त्यांनी सुधारून दिली. त्यावर स्वतःची सही मात्र केली नाही. यंदा तीन नंबरच्या बियाण्याची पोती आलीत. शेत जिवलीबाईंचंच.