पांढऱ्या तोंडाची वासरं

खोटं बोलल्याशिवाय मर्विन प्रीसला अन्न पचत नसे. हेरफर्डशायरमधल्या लाल मातीच्या टेकडीवर तो एकटाच राहायचा. एकटा म्हणजे कॅलेब नावाच्या वळूबरोबर. कॅलेब अस्सल हेरफर्ड. अंग विटकरी लाल. तोंड, छाती, पोट आणि शेपटीचा गोंडा पांढरा. स्वभाव इतका गरीब, की चर्चच्या पाळकसाहेबांनी त्याच्याकडे शिकवणी लावायला हरकत नव्हती.

पबमध्ये दुसरा ग्लास रिकामा झाला की मर्विनचं कीर्तन सुरू.

"आमच्या कॅलेबच्या खापरपणजोबांनी इथलेच नांगर ओढलेत. मग लोकांना कळलं, की ही जात नुसत्या गवतावर अशी गलेलठ्ठ होते! लगेच अमेरिका काय, अर्जेंटिना काय, सगळे घेऊन गेले. आणि गाय कुठल्याही रंगाची असू दे, बाप हेरफर्ड असला की वासराचं तोंड पांढरं. आमच्यात बापाचं नाव विचारावं लागत नाही."

एवढं बोलून तो पोस्टमनच्या नाकाकडे बघायचा, आणि गावातली दोन-तीन पोरं सगळ्यांना एकदम आठवायची.

मार्चमध्ये शेजारची विनिफ्रेड बफ्टन चिखलाच्या बुटांनिशी पबमध्ये घुसली. तिच्याकडे काळ्याभोर अँगस गाई होत्या. दोन्ही रानांमधलं काटेरी कुंपण मर्विनच्या वाट्याचं, आणि तीन हिवाळे त्याने त्याला हात लावला नव्हता.

"मर्विन, तुझ्या कुंपणाला भगदाड पडलंय. माझी सगळी वासरं काळी, आणि एकूणएक तोंडं पांढरी! मी स्कॉटलंडच्या काळ्या अँगस वळूचं वीर्य मागवलं होतं."

"मग स्कॉटलंडला जाऊन विचार, विनी."

पब खिदळला. विनिफ्रेड हसली नाही.

"तुझा वळू माझ्या रानात आला होता हे एकदा कबूल कर, की त्याला खाटकाकडे धाडायला लावते."

मर्विनचा चेहरा उतरला. त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा जगात एक कॅलेबच होता. तो बाकावर चढला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "आईच्या थडग्याची शपथ, कॅलेबनं ते कुंपण कधीच ओलांडलेलं नाही!"

आई तेव्हा लेमिन्स्टरला लेकीकडे चांगली ठणठणीत होती.

"गाव साक्षीला आहे," विनिफ्रेड म्हणाली आणि निघून गेली.

मर्विनने धसका घेतला. दुसऱ्याच दिवशी त्याने भगदाड काट्यांनी गच्च बुजवलं.

जूनमध्ये एका सकाळी बघतो तर कुंपणाशी विनिफ्रेड, हातात कोयता, आणि भगदाड पूर्वीपेक्षा मोठं.

"काय चाललंय हे?"

"वाट करतेय. मागच्या वासरांवर बाजारात व्यापारी तुटून पडले. पांढऱ्या तोंडाचीच हवीत म्हणे यंदा."

मर्विनचे डोळे चमकले. "मग कॅलेबची फी काढ!"

"कॅलेबची कशाला? त्यानं कुंपण कधी ओलांडलेलंच नाही. आईचं थडगं विसरलास होय?"

मर्विनने तोंड उघडलं. तेवढ्यात कॅलेब दोघांच्या मधून, कुणाचीही परवानगी न घेता, पलीकडे गेला.

"कुणाचा तरी चुकार वळू दिसतोय," मर्विन पडेल आवाजात म्हणाला.

"दिसतोय खरा."

तो जायला वळला, दोन पावलं गेला आणि थांबला.

"त्याला उजव्या कानामागं खाजवलेलं आवडतं," तो म्हणाला. "म्हणजे, असं ऐकलंय आपलं."