साडूंचा जर्मन

अमेरिकेत आल्यापासून मी घरमालकांशी, घाऊक व्यापाऱ्यांशी, दोन बँकांशी आणि एका वकिलाशी घासाघीस केली आणि प्रत्येकाकडून काही ना काही सोडवून घेतलं. हरलो तो एकाच माणसापुढे, आणि त्या माणसाला साध्या कोथिंबिरीचा भाव करता येत नाही. ते माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. गेले चौदा महिने मनातल्या मनात आणखीही बरंच काही म्हणतो.

भाऊजींनी आयुष्यभर एका कंपनीत हेलिकॉप्टरचे भाग डिझाइन केले आणि निवृत्त झाल्यावर पार्सिपनीतल्या घरात एक जर्मन आणून बसवला. खराखुरा नव्हे. तो मेला त्याला खूप वर्षं झाली. विमानं नुकती कुठे उडायला लागली होती तेव्हाचा हा इंजिनियर. आधी त्याने न्हाणीघरात पाणी तापवायचे बंब बनवले, आणि बंबांच्या कमाईतून विमान केलं. तेही पत्र्याचं! बाकीचे लाकूड आणि कापड जोडत बसले होते. लोक त्याच्या विमानाला पत्र्याचं गाढव म्हणाले आणि ते गाढव उडालं. पुढे त्याने पत्र्याला छपराच्या पत्र्यासारख्या पन्हाळ्या पाडून आणखी विमानं बनवली. या माणसाचं चरित्र भाऊजी मराठीत लिहिताहेत. सोळा जाड वह्या झाल्या, चरित्र संपत नाही. फोनवर ते हॅलो म्हणत नाहीत. फोन त्यांनी केलेला असो की तुम्ही, ‘तर त्या दिवशी काय झालं,’ अशीच सुरुवात होते. त्या दिवशी म्हणजे शंभर वर्षांपूर्वी. तुमच्या तळघरात पाणी शिरलेलं असलं तरी आधी जर्मनीत काय झालं ते ऐकावं लागतं. आमच्या सासूबाई इथेच गेल्या. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळे हात जोडून उभे, बायका रडताहेत. शेवटी एक कावळा उतरला, तर भाऊजी माझ्या बायकोच्या कानाशी म्हणाले, “पंख बघ, मुळाशी कसा जाड आहे. हे त्याने बरोब्बर ओळखलं होतं.”

हे सगळं मी सहन केलं, कारण आमच्या नातेवाइकांत माझ्या धंद्याचा मान ठेवणारा हा एकच माणूस. बाकी सगळे सॉफ्टवेअरवाले. मी इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याचा मुलगा, पिस्कॅटवेत एका प्लंबरच्या हाताखाली पाइप उचलत वर आलो. आज माझं वॉटर हीटरचं दुकान आहे, तीन व्हॅन आहेत, तरी समारंभात लोक मला ‘नळाचं काही काम होतं’ एवढंच बोलायला गाठतात. भाऊजी मात्र चारचौघांत म्हणायचे, “तू बंब विकतोस. अरे, त्यानेही तिथूनच सुरुवात केली!”

मग एका हिवाळ्यात ते रोज दुकानाच्या मागच्या खोलीत येऊन बसू लागले. गॅसच्या हीटरच्या मधून धूर जायची नळी असते, तिच्यात आत एक पट्टी असते. भाऊजींनी तिथे आपल्या जर्मनासारखा पन्हाळी पत्रा बसवला. वाया जाणारी उष्णता त्या पन्हाळ्यांत अडकते आणि पाणी लवकर तापतं. पहिला पत्रा माझ्याच तळघरातल्या हीटरला लावला. मी तीस वर्षं हीटर विकतोय, मला हात लावताच कळलं. हा पत्रा विकायला ओहायोतल्या एका हीटर बनवणाऱ्या कंपनीला मी गाठलं आणि तीन महिने पिळून काढलं. पैसे तर होतेच, पण खरी अट वेगळी होती. प्रत्येक पत्र्यावर आमच्या दोघांची नावं उमटणार होती. अमेरिकेतल्या तळघरा-तळघरात इचलकरंजीच्या पोराचं नाव! कंपनीने कुरकुरत मान्य केलं. सोमवारी भाऊजींची सही व्हायची होती.

शनिवारी मंडळाचा गणपती होता. आरतीनंतर प्रसादाची रांग लागली. प्रसाद वाटायला भाऊजी उभे. एका हाताने शिऱ्याचा द्रोण, दुसऱ्या हाताने त्या पत्र्याचं ड्रॉइंग. वर इंग्रजीत लिहिलेलं, कोणीही बनवावं, कोणीही वापरावं, आणि खाली सही. एका उत्साही आयटीवाल्याने तूप लागलेली बोटं पुसून लगेच त्याचा फोटो इंटरनेटवर टाकला. माझ्या हातातही एक कागद आला. बायको म्हणाली, “अहो, नीट बघा तरी.” मी तो तिथेच टराटरा फाडला.

सोमवारी कंपनीचा फोन आला. फुकट मिळतंय म्हटल्यावर ते फार गोड बोलले. मी तसाच भाऊजींच्या घरी.

“भाऊजी, मला एका शब्दाने विचारलंत?”

“अरे, ते कायमचे सगळे हक्क मागत होते. तिसऱ्या पानावर आहे.”

“सगळ्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये असतं ते! मी ती ओळ काढून घेतली असती. भाव करायला मी कशाला होतो?”

भाऊजींनी सोळावी वही मिटली. म्हणाले, “त्याच्याही समोर कागद ठेवला होता. सरकारला त्याचे कारखाने हवे होते. सगळी पेटंटं लिहून घेतली आणि म्हाताऱ्याला त्याच्याच घरात कोंडलं. तिथेच गेला. तेव्हा समोर पोलीस होते. माझ्यासमोर तू होतास. फरक तेवढाच.”

फरक तेवढाच! त्यांच्या बायपासच्या वेळी नऊ दिवस हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून पाठ मोडून घेतली ती मी. पोलिसांनी नव्हे. दार आपटून निघालो, ते चौदा महिने बोललो नाही. बहिणी-बहिणींचे फोन चालू होते. “ताई म्हणत होती, भाऊजींचं लिहिणं बंद आहे,” बायको सांगायची. मी म्हणायचो, “बरं झालं.” तिने त्या कागदाचा विषय काढला की मी उठून जायचो. मुलगी म्हणाली, “बाबा, इट्स अ पीस ऑफ मेटल!” तो पीस उपटून टाकायला मी दोनदा पान्हा घेऊन तळघरात उतरलो. दोन्ही वेळा तसाच वर आलो आणि झटपट तापलेल्या पाण्याने आंघोळ करता करता त्यांना शिव्या घातल्या.

गेल्या आठवड्यात माझ्याकडून माल नेणाऱ्या, मला फक्त दुकानाच्या नावाने ओळखणाऱ्या एका प्लंबरने मला डोव्हर गावी एका गिऱ्हाइकाकडे बोलावलं. हीटर माझ्याकडचा, तक्रार किरकोळ. पण त्याने आतली पट्टी बाहेर काढली आणि मला समजावू लागला, हो, मला, की अशा पन्हाळ्या पाडल्या की पाणी लवकर तापतं. एका इंडियन म्हाताऱ्याचं डिझाइन आहे, इंटरनेटवर फुकट मिळतं, शंका असली तर फोन करावा. “मी केला होता,” तो म्हणाला. “माणसाने हॅलोसुद्धा केलं नाही. कुठल्या तरी जर्मनाची गोष्ट सुरू केली.”

पत्र्याच्या कडेला खिळ्याने काहीतरी ओरखडलं होतं. मी चष्मा लावला. दोन नावं होती. पहिलं माझं.

“हे का लिहिलंस?”

“ड्रॉइंगमध्येच आहे,” तो खांदे उडवत म्हणाला. “खाली लिहिलंय, ही नावं इथे घालावीत. मी सगळ्यांवर घालतो.”

म्हणजे ओहायोवाल्यांकडून तीन महिने झगडून मी जे मिळवलं होतं, ते भाऊजींनी शिऱ्याच्या रांगेत एका ओळीत लिहून दिलं होतं. तो कागद मी न वाचता फाडला. कागद न वाचता फाडणारा माणूस स्वतःला व्यापारी म्हणवतो!

व्हॅनमध्ये येऊन बसलो. त्यांना माफ केलेलं नाही. ‘फरक तेवढाच’ हे शब्द अजून टोचतात आणि टोचत राहतील. फोन लावला. चार रिंगा झाल्या. पलीकडून श्वास ऐकू आला, जरा थकलेला. मग नेहमीचा आवाज, “तर त्या दिवशी काय झालं...” आणि तो थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मध्ये थांबला.

त्या दिवशी काय झालं ते मला तोंडपाठ आहे.

“मग?” मी म्हणालो. “पुढे?”