खांदा दिला की गावचा

पनवेलहून रोह्याची गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवरच्या वहीत एकच ओळ लिहिलेली होती : "बर्फावरच्या हॉकीत कॅनडाचे खेळाडू कमी का होत गेले?" इथल्या एका अंकासाठी लेख कबूल करून बसले होते. बत्तीस वर्षं मी कॅनडाच्या एका लहान, थंड गावात शाळेत गणित शिकवलं, म्हणून संपादकांना वाटलं की हिला टक्केवारी नीट मांडता येईल.

टक्केवारी मांडायला सोपी आहे. एके काळी तिथल्या व्यावसायिक संघांत जवळजवळ सगळे खेळाडू कॅनडाचेच असत. आता ते निम्म्याहून कमी आहेत. अमेरिकेचे वाढले, स्वीडन-फिनलंडहून, रशियाहून पोरं आली. संघही वाढले, त्यामुळे कॅनडाची पोरं काही घरी बसली नाहीत, पण त्यांचा वाटा घटला. आमच्या गावच्या बर्फाच्या मैदानाला लागून एक चहा-कॉफीचं दुकान आहे. तिथे टीव्हीवर सामना लागला की म्हातारे बोटांवर मोजत बसतात : आपले किती, परके किती. मोजून झालं की मान हलवतात. माझा मुलगा अमेय त्याच मैदानावर सतरा वर्षांचा होईपर्यंत खेळला, मग त्याने खेळ सोडला.

हमरापूर मागे पडलं. जोह्याच्या शेडमधले अजून रंग न दिलेले गणपती खिडकीतून ओळीने दिसले. वहीत दुसरी ओळ काही उतरेना. पेणला उतरले आणि बाजारातून पोह्याचे पापड घेतले. पेणहून येऊन पापड न आणणारी सून आमच्या सासरी अजून जन्मायची आहे. मग पुढची गाडी पकडून कासू.

कासू स्टेशनवरून रिक्षा खाडीच्या दिशेने वळली की भातखाचरं संपतात आणि मिठागरं सुरू होतात. तिथे माझं सासर. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. तो असतानाही मी इथे पाहुणीच होते, पण दर हिवाळ्याला थोरल्या चुलत जाऊबाईंचा निरोप येतो आणि मी जाते. यंदाचा निरोप होता, "रयवारी रोह्याला कबड्डीची फायनल हाय. आपला मंगेश खेलतोय. ये गो."

जाऊबाई म्हणजे सुमन. माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या, आवाज खणखणीत. दारातच त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "किती वालली गो तू! तिकडं खायाला नाय का?" आणि लगेच पानावर बसवलं. तांदळाची भाकरी आणि जिताडं (खाडीत आणि गावतळ्यात मिळणारा मासा). तिकडे एवढ्या वर्षांत सगळे मासे खाल्ले, पण जिताड्याच्या कालवणाची सर कशाला नाही, हे मी शपथेवर सांगेन.

जेवताना अण्णा समोर येऊन बसले. अण्णा म्हणजे जाऊबाईंचे यजमान, गावच्या देवीच्या पालखीचे मानकरी आणि गावच्या कबड्डी संघाचे कर्तेधर्ते. तरुणपणी स्वतः नामांकित चढाईपटू. मी लेखाचं सांगितलं तेव्हा त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं.

"म्हंजे तिकडंपन हेच हाय," ते म्हणाले. "आमच्या टायमाला राज्याचा संघ निवडला का आपल्या बाजूची पोरं पयली. आता टीव्हीवर बघतंय, समदी उत्तरेची पोरं. आपला शोधावा लागतो. खेल आपला आन पोरं त्यांची."

"तुमच्या पोरांचा खेळ बिघडला का, अण्णा?"

"बिघडला नाय. दुसऱ्यांचा सुधारला. पन दुखतंय तर खरा."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. माझ्या सगळ्या टक्केवारीत त्याच्याइतकं सरळ काही नव्हतं.

अण्णांच्या दुखण्याला गावातच एक नाव होतं : सोमबीर. हरयाणाचा, बावीस-तेवीस वर्षांचा. रोह्याजवळच्या एका कंपनीत कंत्राटावर, आणि राहायला या गावात भाड्याच्या खोलीत. गाव त्याला 'सोमा' म्हणतं. संध्याकाळी मैदानावर त्याला सराव करताना पाहिलं. मला कबड्डी फारशी कळत नाही, पण तो चढाईला गेला की बाकीची पोरं नकळत एक पाऊल मागे घेत होती, एवढं मलाही दिसलं. अण्णांचा मुलगा मंगेश संघाचा कर्णधार आणि मुख्य चढाईपटू. वय तेहतीस, एका गुडघ्याला पट्टा. सोमबीर खेळला तर मंगेश बाकावर, हे लहान मुलालाही कळत होतं.

सोमबीर माझ्या पाया पडला. "काकी, आप कॅनडा से आयलाव?" असं काहीतरी हिंदी-मराठीचं कालवण त्याने बोलून दाखवलं. मी हसले. मग त्याने सांगितलं की त्याचं कंत्राट महिन्याभरात संपतंय, आणि रविवारी एका व्यावसायिक संघाची निवड करणारे दोघे सामना बघायला येणार आहेत. "एक बार देख लें, बस. मंग घरी गेलो तरी चालेल."

पण त्याला खेळता येणार नव्हतं. रोह्याची ही स्पर्धा गाववार. बाहेरचा खेळाडू चालत नाही. ज्याचा कागदावरचा पत्ता गावचा नाही त्याच्यासाठी गावच्या वडीलधाऱ्याने टेबलाशी उभं राहून 'हा आमचा' म्हणून सही करायची. आणि आमच्या गावात 'आमचा' कोण, याचा नियम पिढ्यान्‌पिढ्या एकच. शिमग्याला देवीच्या पालखीला ज्याने खांदा दिला, तो गावचा. घरजावई असो, कोणाचा आणलेला भाचा असो, एकदा खांदा लागला की तो खांदा पुढच्या वर्षी बोलवायचाच. ज्याला खांदा देऊ दिला नाही तो दहा वर्षं राहिला तरी पाहुणा.

"आन त्यानं खांदा दिलेला नाय," अण्णांनी विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगेश मला खाडी दाखवायला खारबांधावर (भरतीचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर) घेऊन गेला. एका वळणावर बांध उतरता आहे. तिथे माझा पाय सरकला आणि मी डाव्या कुशीवर सपशेल चिखलात पडले. साडीची दैना झाली. मंगेशने मला उठवलं, पण तो हसला नाही.

"काकी, हितंच," तो म्हणाला.

"हितंच काय?"

गेल्या शिमग्याला पालखी याच वळणावरून खाली येत होती. पुढच्या दांडीला एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला मंगेश. अण्णांचा पाय घसरला. पालखी कलली, आणखी क्षणभर आणि ती चिखलात गेली असती. गुलालात कोणाला काही दिसत नव्हतं. गर्दीतून सोमबीर पुढे घुसला आणि त्याने दांडी खांद्यावर घेतली. थेट सहाणेपर्यंत (पालखी टेकवायच्या दगडी चौथऱ्यापर्यंत) तोच होता. तिथे अण्णांनी पुन्हा खांदा लावला, आणि गावाला कळलंच नाही.

"सोमाला ठावं नाय का त्यानं काय केलं. त्याला वाटतं, मदत केली. अण्णांना ठावं हाय. आन मना." मंगेश खाडीकडे बघत होता. "मानकऱ्याचा पाय घसरला, देवी कलली, हे अण्णा कुनाला बोलतील? आन त्यांना मी खेलायला पायजे. माझा ह्यो शेवटचा वर्स. काकी, तुमी शिकलेल्या. मी काय करू?"

मी शिकलेली. बत्तीस वर्षं पोरं शिकवल्याच्या अनुभवाने मी त्याला सांगितलं, "गप्प राहा. वडिलांची अब्रू आहे, तुझी हक्काची जागा आहे. तो काय, महिन्याभरात जाणारच आहे." हे मी इथे लपवू शकले असते. पण मी तेच म्हणाले, आणि म्हणताना मला आपण शहाणपणाचं बोलतोय असंच वाटत होतं.

मंगेशने मान डोलावली.

रविवारी दोन टेम्पो भरून गाव रोह्याला निघालं. मी आणि जाऊबाई चालकाशेजारी, मागे पोरांचा गलका. पटांगणात मॅट अंथरलेली, सावलीसाठी कापडी मांडव, कर्ण्यावर गाणी. निवड करणारे दोघे टोप्या घालून पहिल्या रांगेत बसले होते. सोमबीरही आला होता, पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेऊन. गणवेश त्याने अंगात घातला नव्हता, पण बूट खेळायचे होते. ते पाहून मला कसंतरी झालं.

अण्णा यादी घेऊन टेबलाशी गेले. खुर्चीवरच्या माणसाने नावं वाचली आणि सवयीने विचारलं, "सगळे गावचेच ना? आणखी कोणी?"

"समदे गावचे. आनखी कुनी नाय," अण्णा म्हणाले.

"हाय," मागून मंगेश म्हणाला.

अण्णा वळले. मंगेशचा आवाज मोठा नव्हता, पण कर्णा नेमका त्याच वेळी बंद झाला होता आणि सगळ्या गावाला ऐकू आलं.

"सोमानं पालखीला खांदा दिलाय, अण्णा. बांधावरनं सहाणेपरत. मी बाजूला होतो."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. अण्णांचा चेहरा काळवंडला. ते मुलाकडे बघत राहिले, मग खोका घेऊन उभ्या असलेल्या सोमबीरकडे. टेबलावरचा माणूस अवघडून पेन फिरवत होता. कोणीतरी मागे पुटपुटलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. मला वाटलं, म्हातारा आता मुलाला खोटा पाडणार.

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली.

"माझा पाय घसरला व्हता," ते गावाकडे तोंड करून म्हणाले. "देवी माझ्या हातनं पडत व्हती. ह्या पोरानं धरली. वरीसभर मी लपवला." मग ते टेबलाकडे वळले. "लिवा. सोमबीर. आमचा हाय." आणि त्यांनी सही केली.

सामना आम्ही हरलो. दोन गुणांनी. सोमबीर अफाट खेळला, पण पहिल्या डावात तो इतका बावरलेला होता की तीनदा पकडला गेला, आणि टोपीवाले दोघे मध्यंतराला उठून गेले. त्यांना दुसरीकडे जायचं होतं. त्याचा खरा खेळ त्यांनी पाहिलाच नाही. जगात पुष्कळदा असंच होतं. शिट्टी झाल्यावर तो मॅटवर गुडघ्यांत डोकं घालून बसला. मंगेश बाकावरून लंगडत गेला आणि त्याच्या शेजारी बसला. अण्णा दोघांच्या मागे उभे राहिले. मग अण्णांनी सोमबीरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शिमग्याला यायचा. कुठंय असलास तरी. न्हायतर मानूस धाडीन घ्यायला."

पोरगा तेव्हा रडला.

मला त्याच संध्याकाळी पनवेल गाठायचं होतं. टेम्पोत दाटी होती म्हणून जाऊबाई कासूपर्यंत माझ्याबरोबर गाडीने आल्या. नागोठणं मागे पडलं. मग म्हणाल्या, "मंग्यानं स्वताची जागा स्वता सोडली गो. मी आई. मना राग यायला पायजे व्हता. आला नाय."

तेव्हा मला राहवलं नाही. जे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं ते मी त्यांना सांगितलं. अमेय सतरा वर्षांचा असताना एका निवड सामन्यात खेळत होता. माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारा बोटांवर कॅनडाची पोरं मोजत होता. अमेयच्या पाठीवरचं आमचं आडनाव त्याने वाचलं आणि त्याच्यासाठी बोट न मोडता तो पुढच्या पोराकडे वळला. अमेय त्याच गावात जन्मलेला. मी काही बोलले नाही. घरी जाताना गाडीत अमेयला मात्र बोलले, "हा आपला खेळ नाही. सोड आता, अभ्यासाला लाग." त्याची निवड झाली होती. त्याने वाद घातला नाही, बूट तळघरात ठेवून दिले. आणि मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले की त्याचं त्यालाच नकोसं झालं. कॅनडाचे खेळाडू कमी का झाले हे लिहायला मी वही घेऊन निघाले होते. त्यातला एक तर मीच कमी केला होता.

जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं. गाडी कासूला थांबली. त्यांनी पदर खोचला, दारापर्यंत गेल्या, आणि उतरण्याआधी वळल्या.

"मना कशाला सांगतेस गो?" त्या म्हणाल्या. "त्याला सांग."

गाडी हलली. तिकडे सकाळचे साडेसहा वाजले असतील. अमेय लवकर उठतो. मी वही मिटली आणि फोन लावला.