भाऊंनी विचारलेला आकडा

आमच्या नवघरच्या बिल्डिंगमध्ये शेजारच्या भाऊंसमोर ‘साधारण’ म्हणायची सोय नव्हती. “साधारण म्हणजे किती?” ते लगेच विचारायचे. कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेलेला. केसभर फरक खपत नसे. लहानपणी मला ताप आला की आईचं सांगणं त्यांना पुरायचं नाही, थर्मामीटर स्वतः खिडकीतल्या उजेडाकडे धरून बघायचे.

नव्वदच्या दशकात मी भाईंदरच्या एका लॅबमध्ये रक्त घ्यायच्या कामाला लागले, तेव्हा भाऊंचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. दर तीन महिन्यांनी पीएसएच्या तपासणीसाठी ते इस्त्रीचा शर्ट घालून येत. नमुना मुंबईला जाई, रिपोर्ट चार दिवसांनी येई. “आकडा शून्याजवळ बसला पाहिजे,” बाही वर करत ते मलाच शिकवत. “वर सरकला की समजायचं, परत आलाय.”

दोन वर्षं तो बसून राहिला. मग एका श्रावणात रक्त देताना म्हणाले, “या वेळी वाढला असेल तर गणपतीला गावी जातोय. दादाशी अकरा वर्षं बोललो नाही. नसेल वाढला, तर पुढच्या वर्षी बघू. राग अजून गेला नाही माझा.”

आकडा दहाच्याही वर गेला होता. रिपोर्ट न्यायला भाऊंच्या बायको, काकू, आल्या आणि कागद बघून बाकावरच बसल्या. “खचतील गं ते. डॉक्टरांची तारीख गणपतीनंतरची आहे. तोवर तरी सुखात राहू देत. तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा.”

संध्याकाळी भाऊंनी मला जिन्यातच गाठलं. “किती?”

“होता तेवढाच, भाऊ.”

“शाब्बास!” जणू मीच तो खाली धरून ठेवला होता.

गणपती झाले, आणि डॉक्टरांच्या तारखेआधीच भाऊंची कंबर धरली. कॅन्सर मणक्यात उतरला होता. मग ते खाटेवरून उठलेच नाहीत. सगळं कळल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. “मी आकडा विचारला होता तुला. धीर कुठे मागितला होता?” आवाज चढवला नाही, फक्त तोंड भिंतीकडे केलं. दादांना पत्र टाकू का, असं काकूंनी विचारलं, तर म्हणाले, “आता पडल्या पडल्या बोलावून घेऊ त्याला? मी चालत जाणार होतो त्याच्या दारात.”

तेराव्याला दादा आले. तोच बांधा, हातात काठी. मी चहा पुढे केला, तर म्हणाले, “एवढा आजारी होता, मला साधा निरोप नाही धाडला. इतका राग होता त्याचा माझ्यावर?”

काकू आत होत्या. मला सांगता आलं असतं. मी कप त्यांच्या हातात दिला आणि आत निघून गेले.