हँगरमधली पंगत

विलासकाकांना निवांत बूड टेकवून बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. इचलकरंजीच्या गिरणीत बॉयलरवर होते, तेव्हापासूनची सवय. पुढे कॅनडात, विनिपेगमध्ये लोकांच्या घरांत हीटर बसवत हिंडले, तरी ती सुटली नाही. पेटत्या आगीकडे पाठ करायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या रविवारी तर गाडीतच चुळबुळ सुरू झाली. शहराबाहेर हौशी विमानवाल्यांची वसाहत आहे. तिथे घराला चिकटून गॅरेज नाही, विमान ठेवायचा हँगर. मूळचा पुण्याचा देवेश तिथेच राहतो, स्वतःचं छोटं विमान बाळगून. त्याच्या बायकोनं, चित्रानं, संक्रांतीचं हळदीकुंकू हँगरमध्ये ठेवलं होतं. तिथला हीटर काकांनीच छताजवळ टांगलेला. इथला कोड, म्हणजे सुरक्षेचा सरकारी नियमच तसा आहे: पेट्रोलची वाफ जड, ती खाली साचते, म्हणून ज्योत वर. पण ऊबही वरच राहते, आणि आपली माणसं बसणार खाली सतरंजीवर! "काका, बायकांचे पाय गारठतात हो," म्हणून चित्रानं गळ घातली आणि काका विरघळले. जमिनीवर ठेवायचा स्वतःचा गॅसचा हीटर देऊन बसले. अट एकच, विमान बाहेर काढायचं. कोडात तरीही बसत नव्हतंच. ते ठाऊक होतं, म्हणून तर जिवाला चैन नव्हतं.

"अहो, दिलात ना आता? मग झुरू नका," मंदाकिनीकाकू म्हणाल्या.

आत पाऊल टाकलं तर विमान जागच्या जागी! पंखांना हलव्याच्या माळा, खाली बायकांची पंगत, सतरंजीवर लोळणारी मुलं, आणि चार हातांवर लालबुंद हीटर.

"विमान आत का?" काका गरजले.

देवेश हसला. "बाहेर मायनस थर्टी आहे, काका. आणि फोटोत छान दिसतं."

"फोटो? सगळ्यांचेच लावायचेत का भिंतीवर, हार घालून?"

काकांनी गॅसची चावी पिळून हीटर विझवला, बाजूचं दार ढकलून उघडलं. वारा आत घुसला, वाणाच्या पिशव्या उडाल्या. "उठा! घरात चला सगळ्या!"

कुणी हललं नाही. चित्राचे डोळे भरले. "सणाच्या दिवशी, काका? हीटर तुम्हीच दिलात ना?"

"मीच दिला. अक्कल गहाण टाकून दिला. म्हणून मीच नेतो."

तरी सगळ्या बसूनच. मग, आल्या आल्या पंगतीत गुडघ्यांपायी कशाबशा टेकलेल्या मंदाकिनीकाकू सतरंजीला हात टेकत उठल्या. "चला ग. वाण बेसमेंटमध्येही लुटता येतं. हे भडकतात फार, पण उगाच नाही."

कुरकुरत बायका मुलांना घेऊन गेल्या. देवेश तोंड फिरवून त्यांच्यामागे गेला. काकांनी हीटर बाहेर बर्फात नेऊन ठेवला आणि परत येऊन दारात येरझाऱ्या घालत राहिले.

थोड्या वेळानं चित्रा आली. तिळाचा लाडू त्यांच्या हातावर ठेवला आणि सतरंजी गुंडाळायला वाकली. वाकली ती तशीच थांबली. उभं असताना नव्हता तो वास खाली होता, उग्र, पेट्रोलचा.

"काका," ती हलकेच म्हणाली, "मुलं इथेच लोळत होती."

काकांनी लाडू तोंडात टाकला. "देवेशला बोलव. विमान ढकलू बाहेर. गोड मग बोलतो."