हायड्रोजनच्या टँकरमागून अमरावती ते अकोला

माझी मावसबहीण वैशाली अमरावतीजवळच्या एका खासगी कंपनीत सुरक्षा अभियंता आहे. "ताई, आमचा हायड्रोजनचा पहिला टँकर अकोल्याला चाललाय. आम्ही मागून गाडीने जाणार. येतेस का?" असा तिचा फोन आला आणि मी नाशिकहून बडनेऱ्याचं तिकीट काढलं. इकडे यायचं असेल तर बडनेऱ्यालाच उतरा. अमरावती तिथून रिक्षाने अगदी जवळ.

सकाळी अमरावतीत दह्यातला गिला वडा खाल्ला. (लवकर जा, नंतर संपतो.) खाताखाता वैशालीने समजावलं. हायड्रोजन नुसता वायू म्हणून न्यायचा तर प्रचंड दाबाच्या टाक्या लागतात, गळला तर भडका उडायची भीती. म्हणून तो एका तेलासारख्या द्रवात बांधून ठेवायचा. मग साध्या टँकरमधून नेता येतो. पोचल्यावर द्रव तापवून हायड्रोजन मोकळा करायचा आणि रिकामं तेल पुन्हा भरायला परत आणायचं. बोलताना तिचे डोळे चमकत होते. चार वर्षं ती यातच बुडालेली आहे.

टँकरच्या पाठीवर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शंभर टक्के सुरक्षित'.

अकोल्याचा रस्ता आता झकास आहे. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका ढाब्यावर चहाला थांबलो. चहा येतो न येतो तोच मागे घेतल्या जाणाऱ्या एका ट्रकने उभ्या टँकरला धडक दिली आणि खालचा व्हॉल्व्ह वाकला. तेलाची धार उतारावरून थेट शेजारच्या वांग्याच्या वावरात! ड्रायव्हर रमेशभाऊ ओरडले, "विड्या विझवा रे!"

भडका उडाला नाही. त्या बाबतीत वैशालीचं तेल खरं ठरलं. पण पाच मिनिटांत माणसं कॅन घेऊन जमली. "डिझल हाये का? चुलीले चालन का?" वैशाली एकेकाला मागे ढकलत होती. "कशालाच चालत नाही! हात लावू नका!"

तेवढ्यात वावराची मालकीण आली. निर्मलाकाकू. डोक्यावरची टोपली खाली ठेवून तिने विचारलं, "माह्या वांग्यात काय सांडवलं तुमी?"

"काकू, आग लागायची भीती नाही, पण..."

"तुमच्या गाडीवर सुरक्षित लिवलं हाये. मंग तुमी हातमोजे काहून घातले?"

वैशालीने मान खाली घातली नाही. म्हणाली, "कारण हे पोटात जायला नको, काकू. जमिनीत मुरायला नको. तुमची विहीर कुठे आहे?"

विहीर उताराच्या टोकाला होती.

वैशालीने प्रकल्पप्रमुखांना फोन लावला. फोनचा स्पीकर चालू होता, मी शेजारीच होते. "पाणी मारा, वाहून जाऊ द्या," साहेब म्हणाले. "आणि सांडलं हा शब्द काढू नका. संध्याकाळी अकोल्याच्या स्वागत समारंभाला पाहुणे आहेत."

"सर, पाणी मारलं तर ते विहिरीत जाईल."

"शेतातली विहीर आहे ना? मग?"

मग? एवढंच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या विहिरीवर घर पाणी पितं, ढोरं पितात, भाजी पिकते. वैशालीने फोन कापला आणि ढाबेवाल्याकडे फावडी आणि रिकामी पिंपं मागितली. रमेशभाऊंनी व्हॉल्व्ह बांधला. आम्ही, काकू, तिचा नवरा, सगळ्यांनी मातीचा बांध घालून धार अडवली आणि तेलकट माती उकरून पिंपांत भरली. काकू रागाने खोदत होती. मधेच थांबून मी शेताचे फोटो काढले.

दुपार उलटून गेल्यावर अकोल्याला पोचलो. सभागृहात हार, नारळ, सगळं तयार. साहेब माइकवर म्हणाले, "एक थेंबही न सांडता..."

वैशाली उठून माइकपाशी गेली. चिखलाच्या कपड्यांत. "सांडलं, सर. मूर्तिजापूरच्या अलीकडे, एका शेतात. आणि तुम्ही ते वाहून जाऊ द्या म्हणालात."

माइक बंद झाला. तिने माइकशिवायच पुढचं सांगितलं. हे तंत्र चांगलं आहे, पण गळती झाली तर काय करायचं हे रस्त्यावरच्या गावांना आधी सांगायला हवं. पाहुण्यांपैकी एकाने टाळी वाजवली. बाकीच्यांनी घड्याळं पाहिली. आम्ही जेवणाला थांबलो नाही.

अकोल्याहून नाशिकची गाडी सरळ मिळते. वाटभर मी धुमसत होते. अजूनही धुमसतेय. वैशालीने नंतर स्वतः विहिरीचं पाणी तपासून घेतलं. तेल उतरलं नाही, विहीर वाचली. वांगी मात्र उपटावी लागली. तेलकट मातीची पिंपं अजून काकूच्या बांधावर पडून आहेत. "घेऊन जातो म्हणून राहिले, येऊन कोणी नाई राहिलं," काकू परवा फोनवर म्हणाली. वैशालीला प्रकल्पातून काढून कार्यालयात बसवलंय. हायड्रोजन असाच न्यावा, असं ती अजूनही म्हणते. मलाही पटतं. म्हणूनच जास्त संताप येतो.

काल कंपनीच्या माणसाचा मला फोन आला. प्रवास जरूर लिहा, फक्त शेताचे फोटो टाकू नका, उगाच गैरसमज होतात.

फोटो खाली दिले आहेत. सगळे.