जास्तीची शाल

नव्या शालीला डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला इथल्या तांजोंग पगार भागातला एक हॉल आठवतो. ऊर्जाक्षेत्रातल्या मराठी मंडळींच्या आमच्या संघटनेची वार्षिक सभा होती आणि एसी इतका गार होता, की शाल तिथे खरोखरच उपयोगी पडली असती. रिफायनरीतली नोकरी गेलेला एक सभासद बायोडेटाच्या प्रती घेऊन आला होता. परदेशी माणसाला इथे राहू देणारा पास संपायला तीन आठवडे उरले होते आणि मुलगी इथल्या शाळेत शेवटच्या वर्षाला होती. "साहेब, दोन मिनिटं बोलू का सगळ्यांशी?" त्याने अध्यक्षांना विचारलं. "बोला की. पण आधी तुमचा सत्कार करून टाकू. परत निघालात ना?" "अजून नाही निघालो." "असू द्या हो, एक शाल जास्तीची आहेच." सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. त्याच्या योगदानावर मी चार वाक्यं जुळवली, टाळ्या झाल्या, फोटोसाठी त्याने बायोडेटा नारळाखाली धरले आणि लगेच जेवणाची घोषणा झाली. परवा संघटनेने मलाही शाल दिली, सभासदांना वेळोवेळी केलेल्या मदतीबद्दल. त्याच्या सत्काराच्या दिवशी माझ्या कंपनीत, माझ्याच खात्यात एक जागा रिकामी होती, आणि ती चार वाक्यं बोलत असताना मला ते ठाऊक होतं.